सागवानाचं स्थळ

आमच्या भागात अनोळखी माणूस फार वेळ अनोळखी राहू शकत नाही. तो दारात आला की आधी पाण्याचा तांब्या येतो आणि मागोमाग तीन प्रश्न येतात. गाव कोणतं, आडनाव काय, आजोळ कुठलं. तिसऱ्या प्रश्नापर्यंत कुणाची तरी मावशी नाहीतर चुलत जाऊ निघतेच, आणि मग समोरचा माणूस ‘पावणं’ होतो. एकदा पावणं झाला की त्याला आणखी काही विचारणं म्हणजे त्याचा अपमान. माझे वडील या विद्येत तरबेज होते. त्यांना चंद्रावर नेऊन सोडलं असतं, तरी तिथे त्यांनी मंचरच्या कुणाचा तरी साडू शोधून काढला असता.

आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, लोणीच्या अलीकडे. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. मी नुकतीच बी. कॉम. होऊन घरी बसले होते, म्हणजे लग्न जमायची वाट बघत कांदे निवडत होते. अशात एक दिवस टाय लावलेला एक तरुण मोटारसायकलवरून आमच्या दारात उतरला. तोवर आमच्याकडे टाय फक्त वरातीतल्या नवरदेवाच्या गळ्यात दिसायचा, त्यामुळे पाठोपाठ दहा-वीस माणसं आपसूक गोळा झाली.

तो एका कंपनीचे शेअर विकत होता. एक शेअर म्हणजे कोकणातलं एक सागाचं झाड. झाड कंपनी लावणार, पाणी कंपनी घालणार, राखण कंपनी करणार, आपण फक्त पैसे भरायचे आणि घरात बसून राहायचं. सहा वर्षांत पैसे चौपट. आता आमच्याच बांधावर एक साग होता. तो दहा वर्षांत मनगटाएवढासुद्धा झाला नव्हता. गोळा झालेले सगळे शेतकरी, झाड किती दिवसांत वाढतं हे जन्मापासून बघत आलेले. पण हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. बांधावरचा साग तो आपला साग, आणि कंपनीचा साग तो कंपनीचा, अशी सगळ्यांची समजूत. रंगीत कागदावर छापलेलं झाड भराभर वाढत असावं.

वडिलांनी तीन प्रश्न विचारले. तरुण जुन्नर तालुक्यातल्या आण्याच्या पठारावरचा निघाला आणि त्याची सख्खी मावशी आईच्या माहेरी दिलेली निघाली. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “आरं, मग तू माझा मावसभाऊच की!” ती मावशी आईची कुणीही लागत नव्हती, दोघींची घरं फक्त एका आळीत होती. पण आळीचं नातंही आमच्याकडे रक्ताच्या बरोबरीचं धरतात. पाहुण्याला पिठलं-भाकरी वाढली गेली. त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या, चौथी नको म्हणाला, आईने ती तरीही वाढली. संपलं. आपल्या घरी जेवलेल्या माणसाला कागदपत्रं कोण विचारणार?

मी विचारलं. माझी जीभ लहानपणापासून अशीच आहे, तिला वेळकाळ नाही.

“कंपनीचे मालक कोण?”

“मोठे साहेब आहेत, पुण्याला,” तो म्हणाला.

“पण ते साहेब कुणाचे कोण?”

वडिलांनी माझ्याकडे असं बघितलं की मी भांडी गोळा करून आत गेले. बाहेर ते पाहुण्याला म्हणत होते, “पोरीला जरा शिक्शान जास्त झालंय. तुमी मनावर घेऊ नका राव.”

मला गावाच्या पैशांची एवढी काळजी नव्हती, खरं सांगते. गावाला स्वतःचं डोकं होतं, ते वापरायचं की नाही हा गावाचा प्रश्न. माझा जीव अडकला होता तो आत्यामध्ये.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन परत आली ती आमच्याच घरी राहिली. तिला खोली होती, पण तिच्यात निम्मा भाग कांद्याचा. भाव पडला की कांदा वाढायचा आणि आत्याची खाट भिंतीकडे सरकायची. ती हसत म्हणायची, “बाजार कसा हाय ते मला अंथरुणावर पडल्या पडल्या कळतं.” हसायची खरी, पण तिला स्वतःचं घर हवं होतं. दोनच खोल्या, पण स्वतःच्या. कित्येक वर्षांनी सासरच्यांनी तिच्या वाटणीच्या जमिनीबद्दल तिला काही पैसे दिले होते आणि वडिलांनी रस्त्याकडेला गुंठाभर जागा देऊ केली होती. पैशांत भिंती आणि वर पत्रे बसत होते. पण आत्याला पत्रे नको होते. तिला स्लॅब हवा होता. पत्र्याखाली उन्हाळ्यात माणूस शिजतं आणि पावसात बहिरं होतं, असं तिचं म्हणणं. आणि नेमका तेव्हाच हा सागवानवाला आला. चौपटीचा हिशेब ऐकताच आत्याच्या डोळ्यांत स्लॅबच पडला. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरून सगळे पैसे पाहुण्याच्या हातात ठेवायचे, असं तिने ठरवूनही टाकलं.

मी तिला समजावलं, वडिलांना समजावलं, आईला समजावलं. सगळ्यांचं उत्तर एक. आपला माणूस आहे. वडील तर चिडून म्हणाले, “त्याच्या सात पिढ्या मला ठाऊक झाल्यात. आणखी काय बघायचं?”

इथे वडिलांच्या दुसऱ्या एका विद्येबद्दल सांगायला हवं. मुलीसाठी स्थळ बघायला जाण्याआधी जी चौकशी करतात, तिच्यात त्यांचा हात धरणारा दोन्ही तालुक्यांत कुणी नव्हता. जुन्नरपर्यंतची माणसं त्यांना या कामासाठी घेऊन जात. ते आधी कळवून कधीच जायचे नाहीत. मुलाच्या गावात उतरायचे, न्हाव्याकडे दाढी करायला बसायचे, गिरणीवर थांबायचे, मग घरी जाऊन म्हणायचे, “वाटंनं चाललो व्हतो, तहान लागली.” पाणी कोण आणतं, किती वेळाने आणतं, तांब्या घासलेला आहे का, हे बघून निम्मा निकाल लागायचा. उरलेला निम्मा गोठा बघून. माझ्यासाठी आलेलं एक चांगलं शिकलेलं स्थळ त्यांनी मोडलं होतं, कारण त्या घरच्या बैलाची शिंगं रंगवलेली होती पण खूर वाढलेले होते. वरवरची माणसं आहेत, म्हणाले.

अक्षय्य तृतीया जवळ आली आणि आत्याने पैसे बँकेतून काढून आणले. त्या संध्याकाळी माझा तोल गेला. मी ओसरीवर उभी राहून वडिलांना म्हणाले, “नवरामुलगा असता तर चार गावं हिंडून त्याचा गोठा बघितला असता. आत्याचं घर त्याच्या हातात देताय, ते मात्र नुसतं आजोळ विचारून! मग एक करा, त्याला माझ्यासाठी स्थळ म्हणूनच बघा. निदान त्या निमित्ताने चौकशी तरी होईल!”

मी हे टोमणा म्हणून बोलले होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे कित्येक वर्षं आमच्या नात्यातले लोक म्हणत की पोरीने स्वतःच्या तोंडाने स्थळ सुचवलं.

वडील चिडले नाहीत. त्यांनी सुपारी कातरायला घेतली. मग आईकडे बघून म्हणाले, “पोरगं तसं वाईट न्हाई.”

आई म्हणाली, “गोरं हाय.”

“निर्व्यसनी दिसतं.”

“भाकरीला नाव ठेवीत न्हाई.”

आईचा ‘मावसभाऊ’ बघता बघता जावई व्हायला लागला होता. पण दुसऱ्याच क्षणी वडील म्हणाले, “मंग चौकशी करावी लागंल,” आणि मी तोंड मिटून घेतलं. एरवी न मिटणारं तोंड त्या दिवशी मिटलं, याचा मला अजून अभिमान आहे. आत्यालाही त्यांनी सांगितलं, चौकशी होईपर्यंत पैशाचं थांब. जावई व्हायचा असंल तर वेवार सोयरीक झाल्यावर करू, आधी बरा दिसत नाही. आत्याने कुरकुरत पैसे धान्याच्या कणगीत ठेवले.

स्थळाचं पाहुण्याच्या कानावर त्याच्या मावशीकडून गेलंच. तो ओझरच्या गणपतीचे पेढे घेऊन आला, टायला इस्त्री करून. येताना माझ्याकडे बघायचं नाही असं ठरवून आलेला दिसत होता, त्यामुळे सगळा वेळ आमच्या म्हशीकडे बघत बोलला. मला मनातून हसू येत होतं. तो वाईट मुलगा नव्हता. आज हे म्हणणं सोपं आहे, पण तेव्हाही मला तसंच वाटलं होतं.

वडील आणि माझे मामा आण्याला जाऊन आले. न्हाव्याने चांगलं सांगितलं, गिरणीवाल्याने चांगलं सांगितलं, पाणी ताबडतोब आलं, तांब्या लखलखीत होता. बैलाचे खूर कापलेले होते. आईने आनंदाने पुरणाची डाळ निवडायला घेतली. माझं धाबं दणाणलं. पण चौकशी अजून पुरी झाली नव्हती. मुलगा शेतकरी असता तर शेत बघितलं असतं. मुलगा कंपनीत होता, तेव्हा कंपनी बघायला हवी. वडिलांच्या शिस्तीत हे बसणारंच होतं. स्थळाच्या कामाला घरातली एक मोठी बाई लागते, म्हणून मी आईला कांद्याच्या कामात अडकवलं आणि आत्याला पुढे केलं.

वडील, मामा आणि आत्या तिघं एसटीने पुण्याला गेले. तिथे काय झालं हे मला आत्याने रात्री जेवताना सांगितलं. वडील शेजारी बसून नुसते भाकरी कुसकरत होते.

ऑफिस एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. दारावर मोठी पाटी, भिंतीवर सागाच्या जंगलाचं भलंमोठं चित्र, काउंटरवर एक मुलगी. वडिलांनी नेहमीप्रमाणे म्हटलं, “वाटंनं चाललो व्हतो, तहान लागली.” मुलगी म्हणाली, पाणी नाही, खाली हॉटेलात मिळेल. मामा आणि वडिलांनी एकमेकांकडे बघितलं. पाण्यालाच नाही म्हणणारं घर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं.

तिघं बसले. बसल्या बसल्या वडिलांचा हात खुर्चीच्या पाठीमागे गेला. तिथे पांढऱ्या रंगाने खूण आणि नंबर घातलेला होता. त्यांनी आत्याची खुर्ची बघितली, तिच्यावरही. आमच्याकडे लग्नाला मांडववाला ज्या खुर्च्या देतो, त्या दुसऱ्याच्या खुर्च्यांत मिसळू नयेत म्हणून अशीच खूण घालतो. वडिलांनी अशा खुर्च्या कितीतरी लग्नांत मोजून घेतल्या आणि मोजून परत दिल्या होत्या. त्यांनी मुलीला विचारलं, “बाई, आज हितं काही कार्य हाय का?”

“नाही हो काका, हे ऑफिसच आहे.”

“मंग खुर्च्या भाड्याच्या का?”

मुलीला ते माहीत नव्हतं. मग वडिलांनी आपला शेवटचा बाण काढला. साहेबांचं गाव कोणतं? मुलीला माहीत नव्हतं. आडनाव? तिने एक आडनाव सांगितलं, आतून डोकावणाऱ्या माणसाने दुसरंच सांगितलं. आजोळ? दोघंही हसायला लागले. आत्या म्हणाली, तेव्हा तुझ्या बापाचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्याला पाताळात नेऊन सोडलंय. तीन प्रश्नांत ज्याचा कुणीच निघत नाही, असा माणूस त्यांना आजवर भेटलाच नव्हता.

आता आत्या पुढे झाली. सासरच्या जमिनीवर नाव लागावं म्हणून तिने तलाठ्याकडे जन्म घालवला होता, त्यामुळे तिला जमिनीबद्दल एकच भाषा येत होती. ती म्हणाली, “झाडं कुठल्या गटात हायेत? सातबारा दाखवा.” मुलीने तिच्या हातात सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र दिलं. त्यावर झाड होतं, साहेबाची सही होती, गट नंबर नव्हता. आत्याने ते उलटं करून बघितलं. मागे कोरं होतं. “जिमीनच न्हाई आणि झाड कशावर उगावलं?” असं म्हणून ती उठली.

हे सांगून झाल्यावर तिने हातातली भाकरी ताटात ठेवली. “वाचले गं,” ती मला म्हणाली, “आगं, मी वाचले.” मला रडू आलं आणि वडिलांवरचा सगळा राग त्या क्षणापुरता विरघळला.

दुसऱ्या दिवशी तो राग परत आला, दुप्पट होऊन. स्थळ मोडलं, पण आमच्याकडे स्थळ मोडताना खरं कारण सांगत नाहीत. मुलाला पुढे दुसरी मुलगी मिळायची असते, त्याच्या नावाला डाग लावणं हे पाप. वडिलांनी मावशीकडे निरोप धाडला की पत्रिका जुळत नाही. बस्स.

मी म्हणाले, “अहो, पण गावातले लोक पैसे भरतायत! त्यांना सांगा ना खुर्च्यांचं!”

“स्थळाची चौकशी चारचौघांत बोलायची नस्ती.”

“हे स्थळ नाही, ही लबाडी आहे!”

“पोराचं लगीन मोडंल,” वडील म्हणाले आणि गुरांना पाणी दाखवायला निघून गेले.

मग मीच सुरू केलं. गिरणीवर, विहिरीवर, हळदी-कुंकवाला, जिथे चार बायका दिसतील तिथे मी भाड्याच्या खुर्च्या आणि बिनजमिनीचं झाड सांगायला लागले. बायका मान डोलवायच्या, डोळ्यांनी एकमेकींना खुणवायच्या. शेवटी एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हटलं, “जाऊ दे बाय. एक स्थळ मोडलं म्हंजी काय झालं? दुसरं येईल. इतकं मनाला लावून घेऊ न्हाई.” गावाने निकाल लावला होता. पोरीला नकार आला म्हणून पोरगी कंपनीला शिव्या देते आहे. माझ्या बोलण्यामुळे उलट दोन-तीन घरांनी पैसे भरले, बिचाऱ्या मुलाला आधार म्हणून. मी घरी येऊन कांद्याच्या ढिगाला लाथ मारली. कांद्याला काय, तो घरंगळत आत्याच्या खाटेखाली गेला.

पावसाळा संपता संपता कंपनीला कुलूप लागलं. पाटी, चित्र, खुर्च्या, सगळं गेलं, आणि साहेब कुणाचा कोण हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. लोक आण्याला गेले, पाहुण्याच्या घरी बसले, ओरडले आणि जेवून परत आले. मग मोर्चा माझ्याकडे वळला. “तू तर बी. कॉम.,” एक चुलते मला म्हणाले, “तुला कळलं व्हतं तर नीट समजावून का न्हाई सांगितलं?” पुढे दोन हजारच्या दशकात इमू पक्षी पाळायची टूम निघाली, तेव्हा हेच चुलते इमूवाल्याचं आजोळ विचारत होते. मी तिथून उठून गेले.

आत्याने दिवाळीनंतर घर बांधलं. वर पत्रेच घातले. वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावलं आणि मला न विचारता त्या पाहुण्यालाही बोलावलं. तो एसटीने आला. मोटारसायकल विकली होती, टाय नव्हता, नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट मोजायच्या कामाला लागला होता. जेवणं झाल्यावर तो वडिलांच्या जवळ येऊन बसला.

“काका, एक विचारू? तुमी पुण्याला जाऊन आला व्हता ना?”

वडील म्हणाले, “व्हय.”

“तुमाला तवाच कळलं व्हतं?”

वडिलांनी मान हलवली.

“मला पत्रिकेचं सांगण्यापरास खरं सांगितलं असतं, तर आईचं डोरलं मोडून मी कंपनीत पैसं घातलं नसतं. मी त्याच्या पुढच्याच महिन्यात मोडलं.” तो रागाने नाही बोलला. नुसतं सांगितल्यासारखं बोलला. त्याला स्वतःलाही साहेबाने फसवलं होतं हे तेव्हा आम्हाला कळलं. वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानंतर त्यांनी किती तरी स्थळांची चौकशी केली, पण नकाराचं कारण मुलाला बाजूला घेऊन खरं सांगायला लागले. त्यामुळे त्यांची मागणी बरीच कमी झाली.

दिवेलागणीला पाहुणे पांगले. वडील आत्याला म्हणाले, “आज एकटी कशाला झोपतीस? चल घरी. उद्यापासून ये हितं.”

आत्या म्हणाली, “दादा, मी घरीच हाय.”

तिने आम्हाला उंबऱ्यापर्यंत पोहोचवलं, पदर सारखा केला, आत गेली आणि दार लावून घेतलं. मग आतून कडी घातल्याचा आवाज आला. एवढ्या वर्षांत ती कधीच दार लावून झोपली नव्हती, रात्री-अपरात्री कुणीही कांदा काढायला यायचं. वडिलांचा हात त्या बंद दाराकडे गेला. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दार न वाजवता घरी आलो.